सेंटरला इयत्ता नसते

"वेण्या सोड," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, रिबीन तिरकी झाली असेल. मी हात वर नेईपर्यंत त्यांनीच दोन्ही रिबिनी ओढल्या, केस मोकळे केले आणि बोटांनी विस्कटले. हाताला तेल लागलं म्हणून तोंड वाकडं करून रुमालाला पुसलं. मग दुसऱ्या मॅडमना म्हणाल्या, "फारच टापटीप आलीये ही. गेस्टना वाटेल, हिला काय गरज आहे?"

त्या वेण्या आईनं घातल्या होत्या. आई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायची. जाण्याआधी माझ्या डोक्यावर तेल चोपडायची आणि केस असे ताणून बांधायची की डोळे वर ओढले जायचे. "शाळंला जायचं तर नीट जायचं," म्हणायची. आमच्या घरात शाळा देवाच्या जागी होती. देव तर आम्ही कधीच सोडले होते.

आम्ही मराठवाड्यातून आलो. आलो कसले, पळालो. गावात मिरवणुकीवरून भांडण झालं आणि आमची वस्ती पेटवली. विझवायला कुणी आलं नाही. ज्यांनी पेटवली त्यांच्या पोरींसोबत मी एका बाकावर बसायचे. मामा चाकणला हमाली करायचा, म्हणून आम्ही इथं आलो. पत्र्याच्या खोल्या. शेजारी पुरात घरं गेलेली माणसं. तिथंच एका संस्थेनं शेड उभारली आणि बाहेर बोर्ड लावला, विस्थापित मुलांसाठी. आमच्या आईबापांना वाटलं, शाळा आली. नातेवाइकांचा फोन आला की वडील छाती फुगवून सांगायचे, पोरगी शाळेत जाते.

आत चित्रं रंगवायची. टाळ्या वाजवून गाणी म्हणायची. आणि कंपनीचे साहेब आले की गोष्ट सांगायची. पूरवाल्यांनी पुराची, मी आगीची. मॅडम तालीम घ्यायच्या. "घराजवळ आलीस की जरा थांब. रडू आलं तर येऊ दे." आमचं जळलेलं घर मी त्यांना पुन्हा पुन्हा पेटवून दाखवायचे. वर बिस्किटाचा पुडा मिळायचा.

वेण्या सोडल्या त्या दिवशी पाहुण्यांत एक म्हातारे साहेब होते. कुठल्याही पोराला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कितवीत आहेस बाळ?"

मी मॅडमकडे बघितलं.

"सर, इथं तशी इयत्ता नसते. हे सेंटर आहे."

"अच्छा, अच्छा," साहेब म्हणाले.

गाव सुटलं तेव्हा मी चौथीत होते. चौथीनंतर पाचवी येते, मग सहावी. हे कुणालाही कळतं. गावातल्या त्या पोरी पुढं गेल्या होत्या. आणि मी? घराची आग कधीच विझली होती. माझी वर्षं मात्र इथं पंख्याखाली बसून जळत होती. भयंकर राग आला. एवढा राग वस्ती पेटली तेव्हाही आला नव्हता, तेव्हा नुसती भीती होती.

"हां, आता सांग," मॅडम म्हणाल्या.

"नाही सांगणार. मी कितवीत आहे ते आधी सांगा."

कुणीतरी हसलं. मॅडमनी दंडाला धरून मला शेडमागं नेलं. नखं रुतली. "उपकाराची जाणच नसते तुम्हा लोकांना."

तुम्हा लोकांना. गाव मागं राहिलं, पण हे शब्द आमच्याआधी चाकणला येऊन बसले होते.

आईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी काम बुडवून मला जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेली. गुरुजी म्हणाले, "तुमच्यासाठी ते सेंटर आहे की. आणि दाखला कुठंय?"

"दाखला घरासंगं जळाला. पोरगी हाय नव्हं समोर? तिलाच इचारा."

त्यांनी वाचायला लावलं. मी वाचलं. मला परत चौथीत घातलं. दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं, हा कायदा मला फार उशिरा कळला. मॅडमना तो माहीत नव्हता? मला नाही तसं वाटत. आम्ही शाळेत गेलो असतो, तर शेडमध्ये गोष्ट कुणी सांगितली असती?

आता मी एका कंपनीत पार्ट तपासते. ओकेचा शिक्का असला तरी उलटून बघते. लाइनवरची पोरं म्हणतात, "ताई, तुम्ही लय डाउट खाता राव." खाते. दुधानं तोंड पोळलेलं आहे.

यंदा पुरानं उठवलेली कुटुंबं पुन्हा त्याच खोल्यांत आली आहेत. नवी शेड, नवा बोर्ड, वाकडहून येणाऱ्या नव्या मॅडम. बोलतात गोड. मनानं चांगल्याही असतील. पण कुठंतरी पाणी मुरतंय. परवा मला म्हणाल्या, "ताई, रविवारी कंपनीचे लोक येतायत. तुमची स्टोरी सांगाल? मुलांना इन्स्पिरेशन मिळेल."

"नाही," मी म्हणाले. "सोमवारी माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी. सगळ्या आयांशी बोलून झालंय. पोरांना घेऊन आम्ही सरकारी शाळेत जातोय. नाही म्हणाले तर तसं लिहून मागणार. लिहून दिल्याशिवाय हलणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "पण ताई, मग आमच्या सेंटरचं काय?"

"ओस पडू द्या," मी म्हणाले.