मोठी ट्रॉली देवळाच्या वळणावर

मित्रांनो, ‘ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली विक, मोठी चारचाकी घे’ असं तुम्हीच ग्रुपवर सांगत होता ना? घेतली. गुडघे गेलेल्या आईला नवसाला झोपवून नेता यावं म्हणून आत गादी टाकली, वर छप्पर केलं. जुनी चुलतभावाला, सुभाषला विकली.

आज एरंडोलच्या पुढे, देवळाच्या अरुंद वळणावर समोरून बस आली. मी मागं घ्यायला लागलो. जुनी ट्रॉली स्टेअरिंग उलटं फिरवलं की गुमान वळायची. हिची पुढची चाकं ट्रॅक्टरला जोडलेल्या दांडीबरोबर फिरतात, त्यामुळे ही भलतीकडेच वळली आणि मागचं चाक नालीत गेलं.

बस कशीबशी निघून गेली. मी ब्रेकवर पाय रोवून ओरडत होतो, “अरे, चाकाला दगड लावा!” नवसाला निघालेले तुमच्यातले काही जण तिथंच होते. मोबाईल वर धरून.

तेवढ्यात मागून सुभाष आला, तीच जुनी ट्रॉली घेऊन. आई आतून म्हणाली, “माले सुभाषनी ट्रॉलीम्हा बसाड. नवसनी वरण-बट्टीले उशीर व्हयी राह्यना.”

नवस फेडून ती परत आली. मी नालीपाशीच होतो.

आत्ता तुमचा व्हिडिओ पाहिला. आई धडपडत जुन्या ट्रॉलीत चढतेय आणि तिला धरायला एकटा सुभाष आहे. मोठी घे म्हणणाऱ्यांनो, एकाचाही हात मोकळा नव्हता का?