मुलगी पाहायला गेलो आणि चहा मागितला

तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. माझी एक ठरत आलेली सोयरीक मोडली. कुणी कानाला लागून नव्हे, मी स्वतःच्या तोंडानं मोडली. तीही चहाची तारीफ करून!

निजामाचं राज्य होतं. मी परभणीत शाळामास्तर. त्या दिवसांत चहा कंपनीचा एक माणूस बाजारात पाल ठोकून फुकट चहा पाजायचा. शेजारी पत्र्याची पाटी: चहानं थकवा जातो, डोकं हलकं होतं, अन्न पचतं. मी पाटी पाठ केली आणि सवयही लावून घेतली. दिवसाला चार कप! आपण फार सुधारलेले आहोत, असं वाटायचं.

तर मामा आणि मी राणीसावरगावची मुलगी पाहायला निघालो. आदल्या दिवशी गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढं रात्रभर बैलगाडी. सकाळी नऊच्या सुमाराला पोचलो, तेव्हा पोटात चहाचा थेंब नव्हता.

मुलीच्या वडिलांना सगळे अप्पा म्हणत. खानदानी शेतकरी, गोठ्यात सहा म्हशी. त्यांनी पेला भरून दूध पुढं केलं. मी म्हणालो, "दूध नको अप्पा. चहा असेल तर घेईन."

बैठकीतल्या साऱ्या माना माझ्याकडं वळल्या.

"चहा?" अप्पांनी आवाज उतरवला. "तब्येत बरी न्हाई का?"

त्या गावात चहा नव्हता असं नाही. पण तो असायचा सुंठ-ओव्याच्या डब्यात! हिवताप आला, डोकं धरलं, की गूळ घालून पाजायचा. धडधाकट माणूस चहा पितो, हे त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. आणि मला हे कुठं ठाऊक? मला वाटलं, भोळी माणसं आहेत, जरा शहाणं करावं.

"छे हो, मी रोजच घेतो. चार वेळा."

"चार येळा! कवापासून?"

"दोन वर्षं झाली."

अप्पांनी मामांकडं पाहिलं. मामांनी आढ्याकडं.

"त्यानं थकवा जातो," मी पाटी सुरू केली.

"थकवा येतो का तुमाला?"

"येतो ना. चार तास शिकवलं की."

"शिकवून? नांगर न धरता?"

"शिवाय डोकं हलकं होतं."

"डोकं बी दुखतं?"

"आणि जेवण पचतं!"

"म्हंजे तसं पचत न्हाई," अप्पा दाराआडच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

मामा सावरायला धावले. "तसलं कायबी न्हाई, अप्पा! पोरगं ठणठणीत हाय. निस्तं सकाळी चहा न्हाई भेटला तर आथरुणातून उठत न्हाई, इतकंच."

आतून लगेच एक गोधडी आली. "पडा जरा," अप्पा मायेनं म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ताठ बसलो आणि ठणकावलं, "मला चहाची गरजच नाही. आज दिवसभर घेणार नाही!"

याहून मोठा मूर्खपणा तुम्ही कुठं पाहिलाय का? पुरणपोळीची पंगत उठेपर्यंत कपाळाच्या शिरा ठणकायला लागल्या. जांभयांवर जांभया! तीन वाजता मुलगी दाखवायची, आणि मी डोक्याला ओला पंचा गुंडाळून भिंतीला टेकलेलो.

मुलगी आली. सावळी, शांत, सरळ बघणारी. मला ती मनापासून आवडली. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. जरा वेळानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती वडिलांकडं वळली.

"अप्पा, आदी ह्यांना चहा द्या. लय तरास व्हायलाय त्यांना."

चहा आला. गुळाचा, सुंठ घातलेला. दुसऱ्या घोटाला डोळे उघडले, पाचव्याला पंचा सोडला. पेला संपेपर्यंत मी मांडी घालून पीकपाण्याची चौकशी करत होतो. मामांचा चेहरा उजळला. मी मोठ्या ऐटीत अप्पांना विचारलं, "आता सांगा! दिसतोय का मी आजारी?"

"तेच बघायलोय," अप्पा म्हणाले. "दवा दिली न् गुण आला. आजारच नसता, तर गुण कशाला आला असता?"

खरं सांगायचं तर या हिशेबातली चूक मी आजही शोधतोय. अप्पांनी मामांपुढं हात जोडले. "मानूस लाखाचा हाय तुमचा. पर लेक द्यायची म्हंजे जीव घाबरतो. आमचं ह्या ठिकाणी जमायचं न्हाई."

झालं! मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी खाली मान घालून आत गेली. मलाही वाईट वाटत होतं, अगदी आतून. अशा वेळी माणसानं शोभेल असं काहीतरी बोलावं की नाही?

मी म्हणालो, "अप्पा, अजून अर्धा पेला मिळेल का?"