घोरणं थांबलं तेव्हा

लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं माझ्या पुढच्या दाताचा टवका उडवला. पितळी तांब्या फेकून मारला होता. माझा गुन्हा एवढाच, की दुपारी हाका मारून त्याला उठवलं. आमचं अर्धापुरात खता-बियाण्याचं दुकान. समोर गिऱ्हाईक उभं असायचं आणि हा गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंगायचा. उठवलं की चवताळायचा. डोळे लालभडक, तोंडात शिवी, आणि हाताला लागेल ते माझ्या अंगावर.

त्याचं घोरणं शेजाऱ्यांना ऐकू जायचं. मधेच श्वास थांबायचा, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा आचका देऊन पुन्हा सुरू व्हायचा. सासूबाई माझ्या जखमेवर हळद दाबत म्हणायच्या, "झोप न्हाई त्याला धड, म्हणून डोस्कं फिरतंय. मनावर घेऊ नगं." मी ते खरं मानलं. मानायला बरं वाटत होतं.

पुढं आमची लेक पाच वर्षांची असताना एकदा मोटारसायकलवर डोळा लागून तो उभ्या ट्रॉलीवर आदळला. खांदा निखळला, तेव्हा कुठं नांदेडला डॉक्टरकडं यायला तयार झाला. अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली. झोपेत जीभ आणि जबडा मागं पडून घसा बंद होतो, असं निघालं. नाकावर मास्क लावायचं मशीन दिलं, ते त्यानं भिंतीवर आपटून फोडलं. मग त्याच डॉक्टरांनी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

बाई वयानं लहान, पण धीट होत्या. वर-खाली दोन पारदर्शक साचे बसवायचे, स्क्रूनं खालचा जबडा थोडा पुढं धरून ठेवायचा, म्हणजे घसा मोकळा राहतो, असं त्यांनी समजावलं. माप घ्यायला त्यांनी त्याच्या तोंडात गुलाबी मसाल्यानं भरलेला ट्रे दाबला. तो घट्ट होईपर्यंत त्याला बोलता येत नव्हतं. बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"ताई, तुमचा दात कशानं तुटला?"

खुर्चीतून त्याचे डोळे माझ्यावर वळले.

"बाथरूममधी घसरले," मी म्हणाले.

तोंडात ट्रे असतानाच त्यानं जोरात मान हलवून हो म्हटलं. "हलू नका," बाई त्याला म्हणाल्या, पण बघत माझ्याकडंच होत्या. तो चूळ भरायला उठला तेव्हा मी हळूच विचारलं, "नीट झोप लागली की माणसाचा राग कमी होतो ना?"

"चिडचिड कमी होते," त्या म्हणाल्या. "बाकीचं मी नाही सांगू शकत, ताई."

ते दातांचं यंत्र लागू पडलं. सुरुवातीला सकाळी जबडा दुखायचा, उशी लाळेनं भिजायची. बाईंनी दिलेल्या बारीक किल्लीनं मीच त्याचा स्क्रू फिरवत गेले. हळूहळू घोरणं थांबलं. दुकानात तो ताठ बसू लागला, गिऱ्हाईकांशी हसून बोलू लागला. सासूबाईंनी देवीला नारळ फोडला. मला वाटलं, सुटले.

एका रविवारी मी लातूरच्या बहिणीला फोनवर सांगत होते, "आता मस्त झोपतात गं. घोरणं बंदच झालं." तो मागं उभा होता. त्यानं फोन हिसकावला, फरशीवर आपटला.

"माझी इज्जत गावभर वाटून राहिलीस काय?"

"अहो, बहीणच हाय माझी..."

त्यानं माझे केस मुठीत धरले आणि तोंड बेसिनच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. तोंडात रक्त भरलं, एक अख्खा दात जिभेवर आला. मी त्याच्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते. पोटभर झोप झालेल्या माणसाचा ताजा चेहरा. तो अजिबात घाई करत नव्हता.

सासूबाई मधे पडल्या, तर त्यानं त्यांनाही ढकललं. त्या चौकटीवर आदळून खाली बसल्या. तो पट्टा आणायला आतल्या खोलीत गेला, तेव्हा त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता काय सांगू तुला? पळ."

मी लेकीला उचललं आणि पदर तोंडात कोंबून अनवाणी रस्त्यावर आले. एका भाजीवालीनं नांदेडच्या रिक्षात घातलं. नांदेडच्या स्टँडवरून लातूरची एसटी धरली. वाटेत लेक विचारत होती, "दुखतंय का?" मला तोंड उघडता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो बहिणीच्या दारात आला. दारावर लाथा घालत होता. मेहुण्यांनी अडवलं, तर त्यांच्या डोक्यात वीट घातली. गल्लीतल्या लोकांनी त्याला धरून बदडलं, मग पोलिसांच्या हवाली केलं. मी ठाण्यात जाऊन पहिल्यापासून सगळं लिहून दिलं. हवालदारानं विचारलं, "नशा करतात का?"

"न्हाई," मी म्हणाले. "शुद्धीत मारतात."

केस चालू आहे. मी लातुरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागले, लेक तिथंच पहिलीत जाते. सासूबाई कधीमधी चोरून फोन करतात. नातीची चौकशी करतात, आणि पोराबद्दल काही बोलत नाहीत.