मास्तरांची पोर शाळेत जाते

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं तोंड म्हणजे बिनब्रेकचं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून ते असे काही डाफरत, की निवृत्त फौजदारसुद्धा स्टिअरिंगवर कपाळ टेकून मुसमुसत. "रडून गिअर पडत नाही," एवढं म्हणून मास्तर निवांत खिडकीबाहेर बघत बसायचे.

त्यांची लेक साडेतीन वर्षांची. जन्मल्या जन्मल्या अख्ख्या मजल्याची झोपमोड केली, म्हणून घरात तिला भोंगी म्हणत. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून मास्तर तिची तयारी करून घेत होते.

"भूक लागली तर बाईंना सांगायचं. कुणी ढकललं तर सांगायचं. आणि बाबा आठवला तर..." इथे मास्तरांचीच गाडी अडायची.

"तर काय?"

"तर पाणी प्यायचं."

मास्तरांची बायको दवाखान्यात रक्त काढायचं काम करायची. रोज चाळीस दंडांत सुई खुपसणारी ती बाई उगाच हळवी होत नसे. "अहो, तीन तास शाळेत चाललीय पोरगी," ती म्हणाली. "जन्मठेपेवर नाही."

पहिल्या दिवशी बालवर्गाच्या दारात नुसता हलकल्लोळ. कुणी आईच्या पदराला लोंबकळतंय, कुणी जमिनीवर लोळण घेतंय. भोंगीला आत लाकडी घोडा दिसला. तिने बाबांचा हात सोडला आणि धूम ठोकली. मागे वळून बघणंसुद्धा नाही. मास्तर बंद दाराकडे बघून कितीतरी वेळ हात हलवत राहिले.

"बघा, किती शहाणी!" बायको म्हणाली.

"शहाणी कसली? धक्का बसलाय तिला. आतल्या आत कुढणारी मुलं अशीच असतात."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या गाडीचे सगळे रस्ते शाळेकडे जाऊ लागले. तेव्हा त्यांच्याकडे एक शिंपीकाका शिकत होते. पंचावन्न वर्षांचा गरीब स्वभावाचा माणूस. "आज चढावर गाडी शिकवणार होतात ना?" त्यांनी विचारलं.

"आधी डावीकडे वळायला शिका."

डावीकडे चारदा वळलं की परत शाळा. गाडी रस्त्याकडेला लावायच्या सरावाला साऱ्या गावात एकच जागा उरली, बालवर्गाच्या खिडकीखालची. मास्तरांनी आतला आरसासुद्धा स्वतःकडे फिरवून घेतला.

"मला मागचं काही दिसत नाही हो," काका म्हणाले.

"मला दिसतंय ना!"

"मास्तर, तासाभरात अकरा फेऱ्या झाल्या. रखवालदार आता माझी विचारपूस करायला लागलाय."

पाचव्या दिवशी मास्तरांना खिडकीतून लेक स्पष्ट दिसली. मातीचे गोळे वळत होती आणि खिदळत होती. कुढण्याचं नाव नाही. हे काही मास्तरांना बघवेना. त्यांनी हात लांबवून हॉर्न दाबला. हळूच, एकदाच.

भोंगीने मान वर केली. बाबा बाहेर आहे आणि आपण आत, हे तिच्या आत्ताशी ध्यानात आलं, आणि तिने आपलं नाव सार्थ केलं. तिचं ऐकून शेजारचा रडला, मग त्याच्या शेजारची. पाच मिनिटांत सोळा पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

"काढा गाडी! काढा, काढा!" मास्तर ओरडले. काकांचा क्लचवरचा पाय सटकला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. तोवर बाई बाहेर आल्या होत्या. चण एवढीशी, दोन्ही हात मातीने बरबटलेले.

"चार दिवस लागले मला हा वर्ग शांत करायला," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून मजेत आहे. काल तर तिने दुसऱ्याचे डोळे पुसले."

"मजेत?" मास्तरांचा चेहरा उतरला. "आठवण काढत नाही?"

"का हो? काढायला हवी होती?"

एरवी फौजदाराला रडवणारे मास्तर काचेवरची धूळ पुसू लागले. खरं सांगायचं तर काढायला हवी होती. थोडी तरी.

बाई आत गेल्या. काका स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "माझा मुलगा नोकरीला दूर गेला, तेव्हा मी त्याचा सदरा महिनाभर शिवत होतो, उसवत होतो. पण त्याच्या खिडकीखाली जाऊन हॉर्न नाही वाजवला."

मास्तरांनी आरसा काकांकडे वळवून दिला. "चला. चढाकडे घ्या," ते म्हणाले. काका चढावर तीनदा मागे घसरले, तरी मास्तर डाफरले नाहीत. काकांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

नंतर मास्तर फक्त शाळा सुटताना जाऊ लागले, तेही वेळेवर. भोंगी नाचत बाहेर यायची. तिच्या केसांत माती, हातांवर रंग, एक मोजा गायब. मास्तर उकिडवे बसून, जिवाचा कान करून विचारायचे, "आज काय काय केलंस गं शाळेत?"

"काही नाही," भोंगी म्हणायची, आणि गाडीत जाऊन बसायची.