खलाशाचे हात

कारखान्यात सगळे त्यांना 'वरचे' म्हणत. एकतीस वर्षं ते जमिनीपासून चाळीस फुटांवर, क्रेनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसले होते. खाली भट्ट्या धगधगत, साच्यांत लोखंडाचा रस ओतला जाई, आणि दहा-दहा टनांची ओतकामं वरच्यांच्या हुकाला लटकून या टोकाहून त्या टोकाला जात. नवा माणूस कामावर आला की जुने त्याला बजावत, "इथं सगळं वरच्यांच्या हातात आहे, जपून राहा." घरी बायको म्हणे, "तिकडे असाल वरचे. इथे खालचा कप्पा आवरायचाय." हे वाक्य ती वर्षानुवर्षं वापरत आली आहे आणि अजून त्याला गंज चढलेला नाही.

कारखाना बंद पडला, पुष्कळ वर्षं कुलपात राहिला आणि मग एकदम त्याचं कलासंग्रहालय झालं. तेव्हापासून बायको मागे लागली. "एकतीस वर्षं तुमचा डबा भरला. तो कुठे जात होता ते एकदा तरी बघू द्या." वरच्यांनी गुडघे पुढे केले, ऊन पुढे केलं, आज बंद असेल म्हणाले. शेवटी एका मंगळवारी सबबींची पोतडी रिकामी झाली आणि त्यांनी चपला घातल्या.

गुडघ्यांचं कारण खोटं होतं, हे मी सांगून टाकतो. खरं कारण एक माणूस होता. क्रेनवाल्याला खालून ओरडलेलं काही ऐकू येत नाही, म्हणून खाली एक खलाशी असतो. तो मालाला साखळी बांधतो आणि हातांनी खुणा करतो: उचल, सोड, डावीकडे, हळू, थांब. क्रेनवाल्यानं खूण पाहिली की घंटा द्यायची, एक लांब आणि एक तोकडी, म्हणजे 'पाहिलं, समजलं'. वरच्यांचा खलाशी बावीस वर्षं एकच होता. त्या दोघांची एक जादा खूणही होती, कुठल्याच नियमावलीत नसलेली. पाळी संपली की खलाशी डाव्या हाताचा पेला करी आणि त्यावर उजवा तळवा ठेवी. चहा झाकून ठेवलाय, खाली ये.

मग एक दिवस केबिनच्या छतालगत, तुळईवर एका पारव्यानं घरटं मांडलं. वरचे क्षणभर, अगदी क्षणभर, तिकडे बघत राहिले. खाली 'थांब' झालं होतं आणि साखळी चालूच होती. खलाशाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत खलाशी म्हणाला, "माझाच हात चुकला." वरचे तिथंच बसले होते, आणि त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. भेटायला म्हणून गेले नाहीत, उलट पाळी बदलून घेतली. आठ महिन्यांनी कारखानाच बंद पडला. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मी त्यांची बाजू घेणार नाही, त्यांनी स्वतःही कधी घेतली नाही.

तर मंगळवारी दोघं आत शिरली.

पहिल्या दालनात एका चौथऱ्यावर लोखंडाचा एक वेडावाकडा गोळा होता आणि त्याभोवती लोक श्वास रोखून उभे होते. वरच्यांनी वाकून पाहिलं. "अगं, हे तर बाद ओतकाम आहे. साच्यात वाळू ओली राहिली की असंच होतं. फोरमननं दोघांना तरी घरी पाठवलं असतं यापायी." बायको म्हणाली, "हळू बोला, लोकांना आवडलंय ते."

मग त्यांनी पुढचा दरवाजा ओलांडला.

ती मोठी शेड होती, त्यांचीच. भट्ट्या नव्हत्या, साचे नव्हते, धूर नव्हता. छताच्या काचा धुतल्या होत्या आणि त्यांतून एवढा उजेड येत होता की त्यांना आधी वाटलं छत काढून टाकलंय. एकतीस वर्षं त्या काचा काळ्याच पाहिलेल्या. दूरच्या भिंतीपाशी उभी माणसं तिळाएवढी दिसत होती. त्यांनी मान वर केली. क्रेन तिथंच होती. केबिनही. इतक्या उंचावर, इतकीशी, की यात एक माणूस आठ-आठ तास बसायचा हे खरं वाटेना.

"तिथं?" बायकोनं विचारलं. "तुम्ही तिथं बसायचात?"

"तिथं."

तिनं बराच वेळ वर पाहिलं. मग कधी नव्हे ते तिनं चारचौघांत त्यांचा हात धरला. "मला वाटायचं, गच्चीएवढं उंच असेल," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतंत, तर मी रोज जीव मुठीत धरून बसले असते."

तेवढ्यात उजेड मंद झाला. छताच्या काचांवर पडदे सरकले आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर दोन हात उमटले. नुसते हात, मनगटापासून पुढे, तीन मजल्यांएवढे. आवाज काही नाही. उजव्या हाताला करंगळी नव्हती आणि तिच्याशेजारचं बोटही नव्हतं.

हे हात वरच्यांनी बावीस वर्षं पाहिले होते, पण वरून, काडीएवढे. त्या हातांच्या रेषा, भाजल्याचे डाग, नखाखालचं काळं, काहीच त्यांना कधी दिसलं नव्हतं. आता ते खाली उभे होते आणि हात वर होते. उचल, म्हणाले हात. वरच्यांची मूठ, क्रेनचा दांडा धरल्यासारखी, आपोआप मागे आली. सोड. मूठ पुढे गेली. डावीकडे. हळू. हळू. बायको त्यांच्या हातांकडे बघत राहिली, भिंतीकडे नाही. मग 'थांब' आलं, आणि वरच्यांनी दोन्ही हात असे खेचले की शेजारची बाई दचकून बाजूला झाली.

आता हात खाली जातील असं त्यांना वाटलं. गेले नाहीत. डाव्या हाताचा पेला झाला. उजवा तळवा त्यावर येऊन टेकला. तीन बोटांचं झाकण जरा अपुरं पडत होतं.

पडदे सरकले, उजेड आला. दाराशी बसलेली देखरेखीची मुलगी पाणी घेऊन आली, कारण वरचे लहान मुलासारखे रडत होते. ती म्हणाली, "आजोबा, बाकी खुणांचे अर्थ तिथं पाटीवर लिहिलेत. शेवटच्या खुणेचा अर्थ मात्र त्या आजोबांनी आम्हाला सांगितलाच नाही. म्हणाले, ज्याला कळायची त्याला कळेल."

खलाशाचं घर शोधावं लागलं नाही. तो रस्ता टाळायला वरचे एकोणीस वर्षं वळसा घालत आले होते, म्हणजे रस्ता पाठ होता. दाराशी पोचल्यावर वरच्यांनी बेलवर बोट ठेवलं आणि दाबली, एकदा लांब, एकदा तोकडी.

आत भांड्याचा आवाज थांबला. मग पावलं आली आणि दार उघडलं.

"उतरायला एकोणीस वर्षं लावलीस," खलाशी म्हणाला.

वरचे वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. एवढंच उरलं, "त्या दिवशी मी पारव्याकडे बघत होतो."

"माहीत आहे. खालून मला तुझं तोंड दिसायचं." खलाशानं दार पूर्ण उघडलं आणि बायकोकडे बघून म्हणाला, "या वहिनी. चहा टाकतो."