शिमग्याला गाडी चिपळुणात, आम्ही एसटीत

प्रकाशची गाडी तयार आहे. टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप नवा बसवून परशुराम घाटापर्यंत चालवूनही बघितली, असं चिपळूणच्या गॅरेजवाल्या नानांनी काल फोनवर सांगितलं. कोकणात गाडी ठेवून ती सणापुरती वापरणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं.

प्रकाश माझा आतेभाऊ. नोकरी डोंबिवलीत, घर केळशीला आणि गाडी चिपळूणला, सुषमाताईच्या म्हणजे त्याच्या बहिणीच्या अंगणात. शिमगा आणि गणपती एवढंच तिचं फिरणं. ग्रामदेवतेची पालखी केळशीच्या घरी यायच्या आदल्या दिवशी तो रेल्वेने चिपळूणला उतरला, मी पुण्याहून एसटीने. कुंभार्ली घाटाच्या वळणांनी गाडी लागते, हलकं खाऊन निघा.

भूक राखली ते बरंच झालं. ताईने घावन आणि नारळाचा रस पुढे ठेवला होता. मग गाडी ऑइल बदलायला नेली. बाजारात जायचं म्हणून ताईही सोबत. इंजिनातून बारीक चिरचिर येत होती. नानांनी बेल्टवरचं झाकण काढून टॉर्च मारला.

"भेगा पडल्यायत. कधी बदललेला?"

"कशाला बदलू? चाळीस हजारपण नाय झाले," प्रकाश म्हणाला. "लाखापर्यंत चालतो."

"गाडी घेतलीस तेव्हा माझी स्वरा पहिलीत होती," ताई म्हणाली. "यंदा बारावीची परीक्षा दिलीन तिने."

"रबर आहे भाऊ," नाना हसले. "उभ्या गाडीतपण म्हातारं होतं."

मुद्दा एवढाच. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही, आणि जी आधी संपेल ती धरायची. आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे, तेव्हा आपल्या गाडीचे विचारून घ्या. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काम इंजिन उघडण्यावर जातं.

नवा बेल्ट रत्नागिरीहून दुसऱ्या दिवशी येणार होता आणि पालखी तर सकाळीच दारात. आत्या गेल्यापासून ते घर उघडणारा प्रकाश एकटाच. दाराला कुलूप दिसलं की पालखी पुढच्या घरी जाते.

"केळशीपर्यंत जाईल ना, नाना?"

"जाईल पण. नाहीतर खेडच्या पुढे कुठेतरी बसेल."

प्रकाश किल्ली हातात फिरवत राहिला.

"मेल्या, एसटी बंद पडल्या काय?" ताई म्हणाली. "पालखी तुला भेटायला येते की गाडीला?"

त्याने किल्ली नानांच्या हातात दिली.

दापोलीची एसटी भरलेली होती. लोट्यापर्यंत उभे राहिलो, तिथे कंपनीचे कामगार उतरले तेव्हा जागा मिळाली. दापोलीत सुरमईचं ताट खाल्लं आणि केळशीची गाडी पकडली. दापोलीहून पुढे गाड्या कमी, वेळा आधी विचारा. अंधार पडायच्या आत प्रकाशने कुलूप काढलं, दोघांनी मिळून ओटी झाडली. सकाळी ढोल आधी ऐकू आला, मग पालखी. ती अंगणात नाचली तेव्हा प्रकाशचाही खांदा तिच्याखाली होता. गाडीची आठवण कोणी काढली नाही.

पुण्याला परतल्यावर मी पहिल्यांदा माझ्या गाडीचं वय मोजलं. गणपतीला प्रकाश केळशीला त्याच गाडीने जाणार आहे. त्यापुढच्या बेल्टची वेळ ताईने आत्ताच ठरवली आहे: स्वराचं कॉलेज संपेल, त्या शिमग्याला.