लवंगेचा वास येईल त्या बाजूला

"लवंगेचा वास येईल ना गो, त्या बाजूला हात कर. बाकी काय करायचं नाय. सरांना तेवढंच बरं वाटतं."

काळ्या पडद्यापलीकडच्या बाकड्यावर पालीचे आजोबा शेजारच्या नव्या मुलीला हे समजावत होते, आणि पडद्याअलीकडे, डार्क रूममध्ये, मी टॉर्चचे सेल बदलत उभी होते. आपण अगदी हळू बोलतोय अशी आजोबांची समजूत होती. दृष्टी गेल्यापासून समोरचा माणूस किती लांब आहे याचा अंदाज त्यांना येत नसे, आणि चूक व्हायला नको म्हणून ते सगळ्यांनाच लांब धरून बोलत. ते शब्द मी ऐकले, शेजारच्या ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरने ऐकले असणार, जिन्यावर बसलेल्यांनीही ऐकले असणार. ऐकले नाहीत फक्त सरांनी, कारण ते तेव्हा कॅन्टीनवाल्याचा चष्मा पुसत होते.

वाईट बातमी न सांगता सबंध नोकरी काढलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तीसुद्धा डोळ्यांच्या दवाखान्यात. सर आमच्या रत्नागिरीच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागाचे सीनियर ऑप्टोमेट्रिस्ट होते. हा शब्द गावात कुणालाच उच्चारता येत नसल्यामुळे सगळे त्यांना 'चष्म्याचे सर' म्हणत. 'नाही' म्हणायचं झालं की त्यांचा घसा बसे. चहात साखर घालू का, असं विचारलं तर ते 'बघू' म्हणत आणि मग मिळेल तो चहा पीत. एका वैशाखात एकाच मुहूर्ताच्या तीन लग्नांना त्यांनी 'येतो की' म्हणून सांगितलं होतं. एक लग्न दापोलीला, एक पालीला आणि एक खाली मांडवीत. लग्नाच्या दिवशी त्यांना खरोखरचा ताप भरला. ते ढोंग नव्हतं. मी स्वतः थर्मामीटर पाहिला होता.

लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, नंबर राहत. "मायनस चारच्या मुलाला नोकरी लागली," असं ते आनंदाने सांगत, आणि आम्ही सगळे त्या मायनस चारचा विचार करत बसायचो. दुसऱ्याच्या नाकावरचा मळका चष्मा तर त्यांना बघवत नसे. एस.टी. स्टँडवर एकदा तिकीट काढता काढता त्यांनी कंडक्टरचा चष्मा उतरवून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरला, "डाव्या कुशीवर झोपता तुम्ही, दांडी वाकलीय," असं निदान केलं आणि खिशातला बारका स्क्रू ड्रायव्हर काढून कामाला लागले. गाडी खोळंबली. लोक खिडक्यांतून ओरडायला लागले. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला. आता भांडण होणार म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, पण ड्रायव्हर भांडायला आलाच नव्हता. त्याने आपलाही चष्मा काढून पुढे केला.

मी मुंबईहून डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. शाळा कॉन्व्हेंटची, घरात बोलणारी माणसं कमी, आणि मुळातच मी अनोळखी माणसासमोर गप्प राहणारी. पेशंटला 'वर बघा, खाली बघा' याच्यापलीकडे काही सांगायची वेळ आली की माझे शब्द पाठ्यपुस्तकातल्यासारखे यायचे आणि मग यायचेच नाहीत. पहिल्याच महिन्यात पालीच्या आजोबांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "सर, ही नवी बाई मुकी काय?" सर म्हणाले, "इंग्लिश मीडियमची आहे हो ती." आजोबांनी खूप वाईट वाटल्यासारखी मान हलवली. मला धीर यावा म्हणून सर माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. "मिस, डोन्ट फिअर. पेशंट इज ऑल्सो शाय." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे मला ते खरं वाटायला लागलं.

आणि मग गुरुवारचं बाकडं. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर्जन, तपासून झालं की केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द लिहीत, "समजावून सांगा," एवढं सरांना म्हणत आणि ऑपरेशनला निघून जात. मोतीबिंदू असेल तर समजावून सांगण्यात सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण ज्याची डोळ्याची नस वाळली आहे, ज्याला आता कुठलंही ऑपरेशन नाही, थेंब नाही, चष्मा नाही, तो माणूस समोर बसला की सर म्हणत, "आंब्याचा सीझन होऊ दे, मग बघू." मे महिना संपला की "पाऊस सरू दे, हवेत दमटपणा फार आहे." पाऊस सरला की "दिवाळी करून या." ही सगळी माणसं गुरुवारी यायची, पहाटेच्या एस.टी.ने, कुणाचा तरी हात धरून, आणि येताना आमसुलं, सुके बांगडे, काजू असलं काहीतरी पिशवीत घेऊन. डार्क रूमसमोरचं लांब बाकडं त्यांचंच होतं.

सर त्यांना एकेक करून आत घेत. डार्क रूममध्ये गेले की ते कुजबुजत बोलायचे, जणू काळोखात कुणीतरी झोपलं आहे. पेशंटची हनुवटी स्टँडवर ठेवत, नाकावर ट्रायल फ्रेम चढवत, काचा घालत आणि काढत. मग टॉर्च घेऊन एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून डोळ्यात उजेड टाकत आणि विचारत, "कुठून येतोय उजेड? हाताने दाखवा." आणि ती माणसं बरोबर त्या बाजूला हात करत. मला त्याचं पहिल्यापासून नवल वाटायचं. माझ्या शिक्षणाप्रमाणे त्या डोळ्यांना काही कळायला नको होतं. बाहुली पसरलेली, टॉर्च थेट वर धरला तरी तसूभर हलत नव्हती. पण हात बरोबर जायचा, आणि सर केसपेपरवर 'उजेड कळतो' असं लिहायचे.

त्या दिवशी बाकड्यावरचं बोलणं ऐकलं आणि मला उलगडा झाला. सरांच्या गालात सदोदित लवंग असायची. टॉर्च ज्या बाजूला, त्या बाजूला सर वाकलेले; सर ज्या बाजूला, त्या बाजूने लवंगेचा वास. बाकड्यावरच्या जुन्या माणसांनी ही युक्ती केव्हाच शोधून काढली होती आणि नव्याला पहिल्याच दिवशी ती शिकवली जात होती. फसवायचं म्हणून नव्हे. एवढा चांगला माणूस, एवढा वाकून विचारतो, त्याला 'काही कळत नाही' असं कसं सांगायचं?

पुढे मी आजोबांना एकदा कसंबसं विचारलं, की तुम्हाला ठाऊक आहे तर मग येता कशाला. ते हसले. "घरी मला कोण विचारतंय, पोरी? सून ताट सरकवते नि जाते. इथं कोणतरी हनुवटी धरून विचारतो, बरं वाटतंय का म्हणून. मला बरं वाटतं. मी सांगतो, बरं वाटतंय. खोटं काय त्यात?"

मला त्यात खोटं काही सापडलं नाही. आजोबांची दुकानदारी मुलाच्या हातात गेली होती, त्यांना कुठे जायचं नव्हतं. ते आयुष्यभर गुरुवारी आले असते तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

बिघडणार होतं सुलभाचं. ती नवी मुलगी. मंडणगडच्या बाजूच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायची, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. मेंदूज्वराने महिनाभर अंथरुणात होती, उठली तेव्हा दोन्ही डोळे गेलेले. तिचे वडील, टोपी हातात घेऊन उभे राहणारे बारीक गृहस्थ, तिला घेऊन यायचे. डार्क रूमच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते सगळं ऐकायचे. सर टॉर्च धरायचे, सुलभा हात करायची, सर "छान, छान" कुजबुजायचे, आणि कोपऱ्यातून एक मोठा सुस्कारा यायचा. "उजेड कळतोय म्हणजे खोड हिरवं आहे, सर. हिरवं असलं की पालवी धरतं." सर म्हणायचे, "पाऊस सरू दे."

जुलैत वडिलांनी नवीन गोष्ट सांगितली. सुलभाच्या पुण्याच्या मावशीने अंध मुलींच्या एका निवासी शाळेत तिच्यासाठी जागा मिळवली होती. तिथे बोटांनी वाचायला शिकवतात, आणि सुलभा शिकलेली असल्यामुळे पुढे तिला तिथेच शिकवायलाही घेणार होते. पण गणपतीच्या आत यायला हवं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. "मी मावशीला कळवलंय, थांब म्हणून," वडील म्हणाले. "दसऱ्यापर्यंत डोळे यायचे, आणि ही आंधळ्यांत जाऊन बसायची. लोक काय म्हणतील? उद्या स्थळं बघायचीत." सरांनी एक काच काढली, दुसरी घातली आणि विचारलं, "हे बरं, की हे?"

"हे बरं," सुलभा म्हणाली.

त्या दुपारी सगळे गेल्यावर सर ट्रायल बॉक्समधल्या काचा पुसत बसले होते. बाहेर कौलांवर पाऊस चालूच होता. मी काही विचारलं नव्हतं, पण माझ्या गप्प बसण्याचे प्रकार त्यांना एव्हाना ओळखू यायला लागले असावेत. इंग्रजी बाजूला ठेवून ते म्हणाले, "वाळलेली नस परत ओली होत नसते, मिस. मला कळतं ते. मी नवा होतो तेव्हा मिरकरवाड्याच्या एका तांडेलाला एका वाक्यात सांगून टाकलं. चांगला धिप्पाड, होडीवरचा माणूस. 'बरं झालं सांगितलंत' म्हणाला, नमस्कार केला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. संध्याकाळी घरी निघालो तर तो तिथेच. उठताच येत नव्हतं त्याला." त्यांनी काच उजेडाकडे धरली. ती स्वच्छ होती, तरी पुन्हा पुसली. "पाय चांगले होते हो त्याचे."

मी उरलेल्या काचा पुसायला घेतल्या.

सर आता नाहीत. रिटायर झाल्यावर मुलाकडे मुंबईला गेले आणि गेल्या पावसाळ्यात तिकडेच वारल्याचं कळलं. बातमी कळली तेव्हा कॅन्टीनवाला चष्मा काढून बराच वेळ नुसता हातात धरून बसला. बाकडं आता वरच्या मजल्यावर हलवलं आहे आणि गुरुवार इतर वारांसारखाच झाला आहे. नवे मोठे डॉक्टर पेशंटला तोंडावर सांगतात, नीट, स्पष्ट, वेळ न घालवता, आणि ते बरोबरच आहे. पण कधी कधी असं सांगून झाल्यावर पेशंट ज्या तऱ्हेने खुर्चीतून उठतो, ते बघताना मला सरांची फार आठवण होते.

गणपतीच्या आधीच्या गुरुवारी सुलभा आली. घाटात दरड कोसळल्यामुळे एस.टी. उशिरा आली होती, बाकड्यावरचे बाकीचे लोक परतीच्या गाडीसाठी निघून गेले होते. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. वडील नेहमीच्या स्टुलावर बसले आणि बसता बसताच म्हणाले, "मावशीचा ट्रंक कॉल आला होता सर, पोस्टात. उद्या शेवटचं काय ते विचारतायत. मी म्हटलं, सरांना विचारून सांगतो. तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही 'थांबा' म्हणालात की थांबलो."

सरांनी पडदा ओढला. टॉर्च लावला. उजवीकडे वाकले. "कुठून येतोय उजेड? दाखव बघू."

सुलभाने हात उचलला नाही. दोन्ही हात मांडीवर, एकात एक. सर डावीकडे गेले. पुन्हा विचारलं, आणखी हळू आवाजात. ती तशीच बसून राहिली. मग तोंड सरांच्या दिशेने वळवून म्हणाली, "सर, मी वर्गात पोरांना विचारायची, समजलं का, तर सगळी 'हो' म्हणायची. बाई खूश व्हाव्यात म्हणून. मला कळायचं ते. तुम्हालाही कळत असेल." आणि तिने विचारलं, "मी थांबू का, सर?"

"म्हणजे काय, सर?" कोपऱ्यातून वडील म्हणाले. "उजेड गेला काय हिचा?"

टॉर्च सरांच्या हातात चालूच होता, पण खाली वळलेला, आणि त्या उजेडात त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मी त्यांचा श्वास ऐकत होते. ते दोनदा बोलायला गेले. मला वाटलं, आता ते 'नवरात्र होऊ दे' म्हणतील, आणि मग मंडणगडची गाडी सुटेल, आणि उद्या पोस्टातून पुण्याला 'थांबतोय' असं कळवलं जाईल. पण त्यांनी तेही म्हटलं नाही. अंधारात माझ्याकडे वळून ते एवढंच म्हणाले, "मिस."

मी सुलभाच्या खुर्चीजवळ गेले आणि खाली बसले, म्हणजे माझा आवाज तिला समोरून येईल. वाक्य मनात इंग्रजीत तयार झालं, ते मी टाकून दिलं, आणि वडिलांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सुलभाताई, डोळ्यांची वाट बघू नका. पुण्याला जा. सरांनाही हेच म्हणायचं आहे."